युद्धाचं नाव काढायचं नाही: ‘फॉल्टी टॉवर्स’चा एक भाग आणि त्यावरचा वाद

जून २०२० मध्ये बीबीसीच्याच मालकीच्या यूकेटीव्हीने आपल्या स्ट्रीमिंग सेवेवरून जेमतेम अर्ध्या तासाचा एक विनोदी भाग काढून टाकला. भाग पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा होता. मालिकेचं नाव ‘फॉल्टी टॉवर्स’, भागाचं नाव ‘द जर्मन्स’. कारण दिलं गेलं ते त्यातल्या वंशद्वेषी शब्दांचं. मालिकेचा सहलेखक आणि मुख्य नट जॉन क्लीझ भडकला, वर्तमानपत्रांनी विषय उचलला, आणि दुसऱ्याच दिवशी यूकेटीव्हीने जाहीर केलं की भाग परत येईल, फक्त सुरुवातीला एक सूचना असेल.

२०२५ मध्ये मालिकेला पन्नास वर्षं झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यातली हॉटेलमालकाची बायको सिबिल साकारणाऱ्या प्रुनेला स्केल्स वारल्या. त्यामुळे जुने तुकडे पुन्हा फिरू लागले आणि त्यांच्याबरोबर जुना वादही. अनेकांनी या भागातला एकच तुकडा पाहिलेला असतो: एक उंच, डोक्याला बँडेज बांधलेला माणूस पाय ताठ करून नाझी सैनिकासारखा चालतोय आणि समोरची माणसं सुन्न होऊन बघतायत. तेवढंच पाहिलं तर दोनपैकी एक मत होतं. एक, हे भयंकर आहे, काढायलाच हवं होतं. दोन, आजकाल लोकांना विनोदच कळत नाही. मला दोन्ही मतं अपुरी वाटतात. आणि ज्या संवादामुळे हा भाग काढला गेला तो आहे भारताच्या क्रिकेट सामन्याबद्दल. आपल्याकडे हे फारच थोड्यांना माहीत आहे, म्हणून सगळं मुळापासून सांगतो.

आधी हॉटेल

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्की नावाचं गाव आहे. समुद्रकिनारी हवापालटाला जायची जुनी, मध्यमवर्गीय जागा. मे १९७० मध्ये मॉंटी पायथन हा क्लीझचा विनोदवीरांचा गट चित्रीकरणासाठी तिथल्या ग्लेनईगल्स हॉटेलात उतरला. मालकाला पाहुणे म्हणजे त्रास वाटायचा. गटातल्या टेरी गिलियमची जेवताना काटा-सुरी धरायची पद्धत त्याला पटली नाही आणि त्याने तसं टेबलावरच सुनावलं. एरिक आयडलच्या बॅगेतून टिकटिक ऐकू आली, तर बॉम्ब असेल म्हणून त्याने ती बाहेर नेऊन भिंतीपाशी ठेवली. आत गजराचं घड्याळ होतं. बाकीचे कंटाळून दुसऱ्या हॉटेलात गेले. क्लीझ मात्र थांबला आणि त्या माणसाचं निरीक्षण करत राहिला.

त्यातून बेसिल फॉल्टी जन्मला. क्लीझ आणि त्याची तेव्हाची पत्नी कॉनी बूथ या दोघांनी मिळून मालिका लिहिली. १९७५ मध्ये सहा भाग, १९७९ मध्ये सहा. एकूण बाराच. बीबीसीच्या एका स्क्रिप्ट एडिटरने पहिली संहिता वाचून १९७४ मध्ये लेखी शेरा दिला होता की यात सगळी साचेबंद पात्रं आहेत आणि हे आपटणार. २००० साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने आजवरच्या शंभर सर्वोत्तम ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमांची यादी केली, तेव्हा पहिला क्रमांक याच मालिकेला मिळाला.

पात्रं मोजकी आहेत. बेसिल हा मालक: उर्मट, प्रतिष्ठेचा भुकेला, बायकोला घाबरणारा. सिबिल ही बायको. हॉटेल खरं तर तीच चालवते. पॉली ही कामाला असलेली हुशार मुलगी, हे काम स्वतः कॉनी बूथने केलं. मॅन्युएल हा बार्सिलोनाहून आलेला वेटर, ज्याला इंग्रजी जेमतेम येतं. आणि मेजर गोवेन, हॉटेलात कायमचा राहणारा निवृत्त, विसरभोळा लष्करी अधिकारी. ठरावीक जागा, ठरावीक माणसं आणि दर भागात नवी अडचण, अशा मालिकेला सिटकॉम म्हणतात. हशा ऐकू येतो तो स्टुडिओत बसलेल्या खऱ्या प्रेक्षकांचा.

त्या भागात घडतं काय?

‘द जर्मन्स’ २४ ऑक्टोबर १९७५ ला पहिल्यांदा दाखवला गेला. पहिल्या सहा भागांतला तो शेवटचा. इतर भाग हॉटेलच्या पाटीपासून सुरू होतात, हा मात्र हॉस्पिटलपासून सुरू होतो. सिबिलच्या पायाच्या नखाची शस्त्रक्रिया आहे, त्यामुळे हॉटेल एकट्या बेसिलच्या ताब्यात. तिने दोन कामं सांगून ठेवली आहेत. भिंतीवर मूसचं, म्हणजे सांबरासारख्या पण अवाढव्य प्राण्याचं, पेंढा भरलेलं डोकं टांगायचं. आणि आग लागली तर काय करायचं याचा सराव पाहुण्यांकडून करून घ्यायचा.

सराव सुरू व्हायच्या आधीच चोरापासून सावध करणारी घंटा वाजते. पाहुण्यांना वाटतं, हाच सराव. सगळे खाली लॉबीत जमतात. बेसिल चिडतो: ही चोराची घंटा, आगीची नव्हे, दोन्हींच्या सुरात अर्ध्या स्वराचा फरक आहे, एवढं कळत नाही? फरक समजावून देण्यासाठी तो आगीची घंटा वाजवून दाखवतो. ती ऐकून आणखी पाहुणे धावत येतात, मग त्यांच्यावर ओरडतो की हा सराव नव्हे, हे प्रात्यक्षिक होतं. शेवटी खरा सराव सुरू होतो तेव्हा कुणीच हलत नाही, कारण सगळे आधीच खाली उभे आहेत. नेमकी याच वेळी स्वयंपाकघरात खरी आग लागते. मॅन्युएल ‘आग, आग’ ओरडत बाहेर येतो. बेसिल त्याला समजावतो की आग नाही, नुसती घंटा आहे, आणि परत आत ढकलून दाराला कुलूप लावतो.

पुढे आग विझवायचं यंत्र बेसिलच्याच तोंडावर फवारा मारतं, मॅन्युएलच्या हातातलं तव्यासारखं भांडं चुकून बेसिलच्या डोक्यात बसतं आणि तो बेशुद्ध होऊन हॉस्पिटलात पोचतो. मेंदूला धक्का बसलेल्या अवस्थेत तो तिथून निसटून हॉटेलात परततो. तोवर जर्मन पाहुणे जेवायला बसलेले असतात. बेसिल सगळ्यांना बजावतो की युद्धाचं नाव काढायचं नाही. आपल्या तोंडून एकदा निघालं होतं, पण बहुतेक खपून गेलं. आणि मग त्याच्या तोंडून युद्धाशिवाय दुसरं काही निघतच नाही. जेवणाची ऑर्डर परत वाचून दाखवताना कोळंबीला हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स चिकटतो, खारवलेल्या हेरिंग माशाच्या जागी हिटलरचा हवाई दलप्रमुख हर्मन गोअरिंग येतो, सॅलडला कोल्डिट्झ किल्ल्याचं नाव लागतं, जिथे जर्मनांनी दोस्त राष्ट्रांचे अधिकारी कैदेत ठेवले होते. पाहुण्यांतली एक बाई रडू लागते. तिला हसवायला म्हणून बेसिल नाकाखाली बोट धरून हिटलर होतो आणि ती नाझी चाल चालून दाखवतो. शेवटी डॉक्टर येतो, पळापळ होते, मूसचं डोकं भिंतीवरून कोसळतं आणि एक जर्मन पाहुणा थक्क होऊन म्हणतो, या लोकांनी युद्ध जिंकलं तरी कसं?

फार्स म्हणजे नुसता गोंधळ नव्हे

या प्रकाराला फार्स म्हणतात. मराठी रंगभूमीला तो नवा नाही, बबन प्रभूंच्या नाटकांनी आपल्या दोन पिढ्यांना तो दाखवला. तरीही धावपळ, आदळआपट, दारांची उघडझाप म्हणजे फार्स अशी एक समजूत आहे. ती धावपळ वरवरची असते. खाली कारण-परिणामाची अतिशय काटेकोर साखळी असते. सावकाराच्या कर्जासारखं असतं हे: पहिलं फेडायला दुसरं घ्यायचं, दुसऱ्यासाठी तिसरं, आणि प्रत्येक वेळी घेणाऱ्याला मनापासून वाटतं की एवढ्याने सुटणार. बेसिलचा प्रत्येक उपाय ही पुढची अडचण असते. चोराच्या घंटेचा घोळ निस्तरायला तो आगीची घंटा वाजवतो. आगीच्या घंटेचा घोळ निस्तरायला सगळ्यांना सांगतो की घंटा वाजली म्हणजे आग नव्हे. आणि ते इतकं ठासून सांगतो की खरी आग समोर आली तेव्हा त्याचा स्वतःचाच तिच्यावर विश्वास बसत नाही. मॅन्युएलला कोंडणं हा वेडेपणा नाही. गेल्या पाच मिनिटांत जे घडलं त्यानुसार बेसिल अगदी तर्कशुद्ध वागतोय.

दुसरी गोष्ट पेरणीची. मूसचं डोकं टांगायचा विषय सुरुवातीला निघतो तेव्हा ती नवरा-बायकोच्या कटकटीची एक बारीकशी बाब वाटते. मग मधे एक प्रसंग येतो. मॅन्युएल काउंटरच्या आड वाकलेला, दिसत नाही, आणि इंग्रजी बोलायचा सराव करतोय. मेजर आत येतो. त्याला समोर दिसतं फक्त मूसचं डोकं, आणि आवाज ऐकू येतो. तो शांतपणे त्या डोक्याशी गप्पा मारू लागतो. मॅन्युएलला माहीत नाही की कुणी ऐकतंय, मेजरला माहीत नाही की कोण बोलतंय, आणि सगळं माहीत आहे फक्त आपल्याला. प्रेक्षकाला पात्रांपेक्षा जास्त माहिती देऊन ठेवणं, हे फार्सचं इंधन. त्याच डोक्याचा तिसरा उपयोग अगदी शेवटी, कोसळण्यासाठी. एकाच वस्तूकडून तीन कामं करून घेतली आहेत आणि एकही ओढूनताणून आणल्यासारखं वाटत नाही.

हे सहज होत नाही. क्लीझने सांगितलंय की त्या काळी अर्ध्या तासाच्या मालिकेची संहिता साधारण पासष्ट पानांची असे, यांची त्याच्या दुप्पट. तेवढ्याच वेळात दुप्पट मजकूर बसवायचा म्हणजे श्वास घ्यायलाही जागा नाही. एक भाग लिहायला आठवडेच्या आठवडे जात आणि त्यातला मोठा वेळ संवादांवर नाही तर कथानक बांधण्यावर जाई. बारा भागांवर थांबायचा निर्णय मला म्हणूनच समजतो. अशी वीण शंभर भाग टिकत नाही.

१९७५ सालचं ब्रिटन

युद्ध संपून तीस वर्षं झाली होती. आज आपल्याला १९९५-९६ जेवढं लांब वाटतं, तेवढंच. म्हणजे ज्यांनी बॉम्बवर्षाव सोसला, घरातली माणसं गमावली, ती सगळी माणसं टीव्हीसमोर बसलेली होती. क्लीझचा स्वतःचा जन्म ऑक्टोबर १९३९ चा, युद्ध सुरू झाल्यानंतर काही आठवड्यांतला.

दुसरीकडे ब्रिटन जानेवारी १९७३ मध्ये युरोपच्या सामाईक बाजारपेठेत सामील झाला होता. तिथे राहायचं की नाही यावर ५ जून १९७५ ला देशभर सार्वमत झालं आणि सुमारे ६७ टक्के लोकांनी ‘राहायचं’ म्हटलं. ‘द जर्मन्स’ त्यानंतर पाचच महिन्यांच्या आत आला. बेसिल जर्मन पाहुण्यांना म्हणतो की आता आपण सगळे एकाच बाजारपेठेत आहोत, जुने मतभेद विसरलेत. मी काही त्या बाजूने मत दिलं नव्हतं, पण आता आत आलोच आहोत तर ते यशस्वी करायचंच. हे वाक्य आज कानांवरून निघून जातं. तेव्हाच्या प्रेक्षकाला ते थेट गेल्या उन्हाळ्यातल्या प्रचाराची आठवण करून देणारं होतं. शत्रूशी अधिकृतपणे मैत्री झालीय, व्यवहार त्याच्याशीच करायचाय, पण आतून गाठ सुटलेली नाही. या अवघडलेपणावर हा भाग उभा आहे.

‘पण ही जर्मन लोकांची टिंगलच नाही का?’

नाही, आणि हे ठामपणे सांगता येतं, कारण पुरावा भागातच आहे. जर्मन पाहुणे काय करतात ते पाहा. ते सभ्यपणे बसतात, इंग्रजीत बोलतात, विषय थांबवायची विनंती करतात. एकही चूक त्यांच्या पदरात टाकलेली नाही. जर्मनांची थट्टा करायची तर लेखकांना ते शिस्तीचे अतिरेकी, उद्धट किंवा खादाड दाखवता आले असते, तशी पात्रं विनोदात ढीगभर आहेत. इथे ते फक्त जेवायला आलेले पर्यटक आहेत.

मग कुणी म्हणेल, बेसिलच्या डोक्याला मार लागलाय, त्याला काय दोष द्यायचा? इथे लेखकांची करामत आहे. मार लागण्याच्या कितीतरी आधी, बेसिल पूर्ण शुद्धीत असताना, मेजर जर्मनांना नावं ठेवत असतो. बेसिल त्याला म्हणतो, जाऊ द्या, माफ करून विसरून जाऊ, आणि पाठोपाठ स्वतःशीच जर्मनांना शिवी हासडतो. म्हणजे डोक्यावरच्या त्या फटक्याने काही नवं आत घातलं नाही. आधीपासून जे आत होतं त्यावरचं झाकण उडालं. यजमानपणाचा मुलामा गेला की एका मध्यमवर्गीय इंग्रज माणसाच्या मनात काय साठलंय, ते आपण पाहतो.

वादावादीतला तो प्रसिद्ध टप्पा घ्या. जर्मन पाहुणा म्हणतो, युद्धाबद्दल बोलणं थांबवा. बेसिल म्हणतो, मी? सुरुवात तुम्ही केलीत! पाहुणा म्हणतो, आम्ही नाही केली. बेसिल म्हणतो, केलीत की, पोलंडवर हल्ला केलात! एका जेवणाच्या टेबलावरची तू-तू मैं-मैं एका वाक्यात १९३९ ला जाऊन पोचते. बेसिलच्या डोक्यात या दोन गोष्टींमध्ये अंतरच उरलेलं नाही, आणि हशा पिकतो तो त्यालाच. शेवटचं वाक्य जर्मन पाहुण्याच्या तोंडी आहे हेही योगायोगाने झालेलं नाही. संपूर्ण भागावरचा निकाल तो देतो.

विनोद कुणावर आहे हे ठरवायची माझी एक साधी कसोटी इथूनच आली. ज्याच्याबद्दल बोललं जातंय तो प्रसंगात हजर आहे का, आणि त्याला उत्तर द्यायची जागा लेखकाने ठेवलीय का? जर्मन पाहुणे हजर आहेत, ते उत्तर देतात आणि त्यांचंच म्हणणं प्रेक्षकाला पटतं.

मेजर आणि ओव्हलवरचा सामना

२०२० मध्ये भाग काढला गेला तो जर्मनांमुळे नव्हे, हे बातम्यांच्या गदारोळात हरवून गेलं. कारण होतं भागाच्या सुरुवातीचा मेजरचा एक संवाद. तो बेसिलला आठवण सांगतो: मी एकदा एका बाईला लंडनच्या ओव्हल मैदानावर भारताचा सामना बघायला घेऊन गेलो होतो. ती सकाळभर भारतीय खेळाडूंना एक वंशद्वेषी शब्द वापरत होती. मी तिला म्हटलं, छे छे, तो शब्द वेस्ट इंडियन लोकांसाठी, या लोकांसाठी वेगळा आहे. आणि तो दुसरा शब्द उच्चारतो. दोन्ही शब्द इथे छापायची गरज नाही. दोन्ही शिव्या आहेत, आणि दुसरी आपल्यासाठी वापरली जायची.

विनोदाची रचना अशी: बाईची चूक सुधारतोय असं मेजरला वाटतं, पण सुधारतो काय, तर कुठली शिवी कुणासाठी याचा तपशील. आपण सुसंस्कृत आहोत या खात्रीने तो हे सांगतो. लेखक त्याच्यावर हसतायत यात मला शंका नाही. क्लीझनेही २०२० मध्ये हेच सांगितलं: मेजर हा जुन्या काळाचा उरलेला अवशेष होता, आम्ही त्याच्या मतांचं समर्थन करत नव्हतो, त्यांची खिल्ली उडवत होतो.

पण इथे कसोटी लावली की फरक दिसतो. या आठवणीत भारतीय खेळाडू आहेत फक्त बोलण्यात. प्रसंगात कुणी भारतीय नाही, वेस्ट इंडियन नाही. उत्तर द्यायला कुणीच नाही. ऐकणारा बेसिल हो ला हो लावतो. मेजर मूर्ख आहे हे प्रेक्षकाने स्वतःच ओळखायचं, आणि बहुतेक जण ओळखतात. पण जो त्या शब्दांशी सहमत आहे तोही तितकाच मनमोकळा हसू शकतो, त्याला अडवणारं काही प्रसंगात नाही. जेवणाच्या प्रसंगात मात्र रडणारी बाई समोर असते, तिच्यावरून नजर हटवता येत नाही.

शिवाय तो काळ पाहा. १९७२ मध्ये युगांडातून हाकलले गेलेले हजारो भारतीय वंशाचे लोक ब्रिटनमध्ये नुकतेच येऊन वसले होते. मेजरच्या तोंडचा शब्द त्यांच्या मुलांना शाळेच्या वाटेवर ऐकावा लागत असे. त्यांच्यासाठी तो नामशेष झालेल्या माणसाचा नव्हता, शेजाऱ्याचा होता. आणि त्याच ओव्हलवर, हा भाग येण्याच्या चारच वर्षं आधी, ऑगस्ट १९७१ मध्ये भारताने इंग्लंडमधला आपला पहिला कसोटी विजय मिळवला होता. कर्णधार अजित वाडेकर, संघात गावसकर, सोलकर, मडगावचे दिलीप सरदेसाई. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडचा डाव कोसळवला होता. मेजर ज्यांना शिवी घालतोय ती ही माणसं, हे मनात ठेवून तो संवाद ऐकला की हसू येतं, पण घशात अडकतं.

काढणं, कापणं, सूचना देणं: तीन वेगळ्या गोष्टी

या वादात सगळ्यांना एकच शब्द चिकटवला जातो, बंदी. प्रत्यक्षात घडलेल्या गोष्टी वेगवेगळ्या आहेत. २०१३ मध्ये बीबीसीने भाग पुन्हा दाखवला तेव्हा मेजरचे ते शब्द कापले. बाकी भाग तसाच. जून २०२० मध्ये, अमेरिकेत पोलिसाच्या हातून झालेल्या कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर ब्रिटनमध्येही मोर्चे निघत होते आणि ब्रिस्टॉलमध्ये गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा पाडून पाण्यात टाकला गेला होता, त्या आठवड्यात यूकेटीव्हीने अख्खा भाग उचलला आणि मग सूचनेसह परत ठेवला. तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी. मे २०२४ मध्ये लंडनच्या अपोलो थिएटरमध्ये क्लीझने स्वतः तीन भाग एकत्र करून नाटक आणलं. त्यात ‘द जर्मन्स’ होता, नाझी चालही होती, पण मेजरच्या शिव्या त्याने स्वतःच काढल्या. प्रेक्षकांत काही जण प्रत्येक शब्द शब्दशः घेणारे असतात, असं त्याचं कारण.

कुणी म्हणेल, म्हणजे क्लीझने माघार घेतली. मला तसं वाटत नाही. नाटक हा आजचा प्रयोग आहे, आजच्या प्रेक्षकासमोर रोज नव्याने होणारा. त्यात बदल करायचा लेखकाला पूर्ण हक्क आहे. १९७५ चा भाग मात्र नोंद आहे. त्या वेळी एका लोकप्रिय मालिकेत, प्रेक्षकांच्या परवाना शुल्कावर चालणाऱ्या सार्वजनिक वाहिनीवर, हे शब्द विनोद म्हणून सहज जात होते, हे कळायचं तर ते शब्द तिथे राहायला हवेत. कापून टाकले की १९७५ चं ब्रिटन होतं त्यापेक्षा स्वच्छ दिसू लागतं आणि ज्यांनी ते शब्द सोसले त्यांच्याकडे पुरावा उरत नाही. म्हणून मी सूचनेच्या बाजूने आहे: भाग पूर्ण ठेवा, आधी दोन ओळींत सांगा काय ऐकावं लागेल. ज्याला नको त्याने बघू नये. आणि ज्याने तो शब्द रस्त्यात ऐकलाय त्याला हसू आलं नाही, तर ‘तुला विनोद कळत नाही’ हे सुनावण्याचा अधिकार कुणालाही नाही.

मेजरचा संवाद काढला तर कथानकाचा एकही दुवा तुटत नाही, हेही खरं. कापणं इतकं सोपं झालं ते म्हणूनच. बेसिलची नाझी चाल कापायची तर सगळा भाग कोसळेल.

‘आणि मॅन्युएलचं काय?’

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. गरीब, परदेशी, भाषा न येणारा नोकर, त्याला मालक टपल्या मारतो, आणि आपण हसतो. मालिका स्पेनमध्ये गेली तेव्हा मॅन्युएलला इटालियन करून त्याचं नाव पाओलो ठेवलं गेलं. म्हणजे काटा कुठे टोचेल हे त्यांनाही माहीत होतं.

बाजूने सांगण्यासारखं असं की अज्ञान बेसिलचंही दाखवलं जातं. पहिल्याच भागात तो ऐटीत सांगतो की मी अस्सल अभिजात स्पॅनिश शिकलोय, हा कुठली तरी बोली बोलतो. खरी आग लागलीय हे सर्वांत आधी मॅन्युएललाच कळतं, खरं तोच बोलत असतो. पण त्याला उत्तर द्यायची जागा जर्मन पाहुण्यांइतकी कधीच मिळत नाही. तो हजर असतो, बोलतो, आणि त्याचं कुणी ऐकत नाही. हसण्याचा काही भाग त्याच्या उच्चारांवरच उभा आहे, हे मान्य करायला हवं.

ही भूमिका करणारे अँड्र्यू सॅक्स स्पॅनिश नव्हते. त्यांचा जन्म १९३० चा, बर्लिनचा. वडील ज्यू होते. १९३८ मध्ये हे कुटुंब नाझींपासून जीव वाचवून इंग्लंडला आलं. म्हणजे या भागात एकीकडे इंग्रज नट हिटलरची नक्कल करतोय, आणि त्याच्याबरोबर काम करतोय तो हिटलरमुळे बेघर झालेला खरा जर्मन. स्वयंपाकघरातल्या आगीच्या प्रसंगात अंगरख्यातून धूर निघावा म्हणून त्यांच्या कपड्यांना रसायन लावलं होतं, ते झिरपून त्यांची त्वचा खरोखर भाजली. बीबीसीने त्यांना ७०० पौंड भरपाई दिली.

पाहायचा असेल तर

ज्यांनी मालिका पाहिलीच नाही त्यांनी ‘द जर्मन्स’पासून सुरुवात करू नये. बेसिलची ओळख नसेल तर तो नुसता आरडाओरडा वाटतो. आधी ‘अ टच ऑफ क्लास’ पाहा, त्यात त्याची प्रतिष्ठेची भूक कळते. मग ‘कम्युनिकेशन प्रॉब्लेम्स’, ज्यात कमी ऐकू येणारी, हेकेखोर बाई पाहुणी येते. बांधणीच्या दृष्टीने तो मला सर्वांत चोख वाटतो. त्यानंतर ‘द जर्मन्स’, शक्यतो न कापलेला. पहिल्यांदा बेसिलकडेच लक्ष जाईल, जाऊ द्या. दुसऱ्यांदा पाहताना जेवणाच्या प्रसंगात मुद्दाम टेबलावर बसलेल्या चौघांच्या चेहऱ्यांकडे बघत राहा.